वस्तीवरचे घर आणि त्यातली लेकरे

बागायत आली आणि पश्चिम महाराष्ट्रातील गावे आपल्या गावठाणातून बाहेर पडली. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात ओतूर, आळे, नारायणगाव या बाजूस पाहिले, तर दोन पिढ्यांपूर्वी भिंतीला भिंत लावून आळीत नांदणारी आणि दिवेलागणीला शेतावरून परतणारी कुटुंबे आता आपापल्या मळ्यात, उसाच्या आणि टोमॅटोच्या रानांमध्ये, हाकेच्या अंतरावर किंवा त्याहूनही दूर घरे बांधून राहिलेली आढळतात. विहिरीवर विजेचा पंप बसला, कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज या धरणांचे पाणी कालव्यांनी शिवारात खेळू लागले, आणि एक पीक काढून रान मोकळे सोडण्याची जुनी वहिवाट मोडली. बारमाही पिकाला बारमाही माणूस लागतो आणि दुभत्या जनावराला दोन्ही वेळा धार काढणारा हात लागतो, म्हणून बिऱ्हाड मळ्यात आले. या स्थलांतराने उत्पन्नात पडलेल्या भरीचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. परंतु त्या घरांत वाढणाऱ्या लेकरांच्या आणि त्यांना वाढविणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय आले, याचा विचार तितक्या आस्थेने झालेला नाही.

वस्तीवर मूल वाढविणे हे स्वतंत्र काम नसते. ते इतर सर्व कामांच्या पोटात चाललेले असते. पहाटे गोठ्यात दिवा लागतो, कारण दूध संकलन केंद्रावर पोहोचविण्याची वेळ कोणासाठी थांबत नाही. आई धारेला बसते, बाप वैरण टाकतो, आणि अर्धवट झोपेतले लेकरू आजीच्या पदराला धरून ओट्यावर येऊन बसते. पुढे खुरपणीच्या दिवसांत तान्ह्यासाठी बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली जाते, आणि तिला झोका देण्याचे काम तान्ह्याच्या थोरल्या भावंडाकडे असते. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने दिवसा आणि रात्री येते; रात्रीच्या पाळीत बाप दारे धरायला जातो आणि दिवसा झोपतो, तेव्हा घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही हळू आवाजात खेळण्याची शिस्त आपोआप लागते.

या जीवनात मुलाला जे शिक्षण मिळते त्याचे मोल मी फार मोठे मानतो. खुराड्याचे दार सायंकाळी लावणे, अंडी न फोडता पदरात आणणे, धार काढण्याच्या वेळी वासराला पान्हा फुटेपर्यंतच सोडून मग आवरून धरणे, ही कामे त्याला शोभेसाठी दिलेली नसतात; दार उघडे राहिले तर रात्रीतून रानमांजर कोंबडी नेते, आणि सकाळी रिकामे खुराडे पाहून त्याला आपल्या हलगर्जीचा अर्थ कळतो. गाय विते तेव्हा ते लेकरू तेथेच उभे असते, खरवस खाते, कालवडीला नाव ठेवते, आणि एखादे दिवशी तीच कालवड दगावली म्हणजे आजीला असे प्रश्न विचारते की ज्यांची उत्तरे देताना आजीचाही कंठ दाटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात, १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, जे बालशिक्षण उभे केले, त्यात विकतच्या साधनांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले यांना स्थान दिले होते, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे असे धरले होते. अंगणवाडी ही कल्पना तेथे रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर त्याच नावाने ती गावोगाव गेली. मात्र गावोगाव गेलेली ही अंगणवाडी बहुधा गावठाणात बसली, आणि मळ्यातले अंगण तिच्यापासून लांब राहिले.

शाळेचीही तीच गत. सन २००० च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा निघाल्या, त्यांतल्या अनेकींचे पुढे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत रूपांतर झाले. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पाचवीपर्यंतच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरविले. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतला एक किलोमीटर म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन चिखल तुडविणाऱ्या आजोबांनाच ठाऊक असते.

आणि मग भयाची गोष्ट. कठडा नसलेली विहीर, कडबाकुट्टीचे पाते, पडवीत खुंटीला टांगलेली औषधाची बाटली, सरपणात दडलेली घोणस, ही भये जुनीच. जुन्नरकडे त्यांत बिबट्याची भर पडली आहे. उसाला कालव्याचे पाणी मिळाले तसा बिबट्यालाही आडोसा मिळाला. मादी उसातच विते, आणि हंगामात तोड सुरू झाली की सरीत पिल्ले सापडतात. ती उचलून न नेता वनखात्याची माणसे त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि अंधार पडल्यावर बहुधा आई येऊन त्यांना घेऊन जाते. वाकून काम करणारे माणूस किंवा एकटे फिरणारे लहान मूल बिबट्याच्या दृष्टीला सावजाच्या उंचीचे दिसते. म्हणून तिन्हीसांजेनंतर मुलाला एकटे अंगणात न सोडणे, शौचास बाहेर न पाठविणे, रात्री ओट्यावर न निजणे, घराला लागून ऊस न ठेवणे, गोठा बंदिस्त करणे, हा बंदोबस्त वस्तीवर प्राणाइतका जपावा लागतो. “दिवस बुडायच्या आत घरात ये रं बाळा,” ही आजीची हाक पूर्वी मायेची होती. आता तिच्यात पहारा मिसळला आहे.

हा पहारा कोण करते, हाच माझ्या मते मुख्य प्रश्न आहे. आळीत एका लेकरावर दहा घरांच्या बायकांची नजर असे. आई पाणवठ्यावर असली तरी पोर कोणाच्या तरी चुलीपाशी जेवून झोपलेले असे. मळ्यात गेल्याने शेत जवळ आले आणि त्या दहा नजरा दूर राहिल्या. एकत्र कुटुंब होते तोवर जावा-जावांनी ही उणीव भरून काढली. वाटण्या झाल्या, गट फुटले, आणि बहुतेक वस्त्यांवर आता एक आई, असलीच तर एक थकलेली सासू, आणि त्यांच्या भरवशावर गोठा, चूल, रान आणि लेकरे अशी अवस्था आहे. सासू अंथरुणाला खिळली त्या दिवसापासून ती आई एका डोळ्याने भाकरी आणि दुसऱ्याने विहीर पाहत असते. अशा चार-पाच वस्त्यांना मिळून एक अंगणवाडी मिळाली, आणि तिची वेळ गावच्या घड्याळावर न बेतता धारेच्या व खुरपणीच्या वेळांवर बेतली, तर त्या बायांचा निम्मा जीव भांड्यात पडेल.

एवढा भार वाहणाऱ्या बाईचे नाव मिळकतीच्या दप्तरी मात्र फार उशिरा येते. बाप वारला आणि वारस लहान असले, म्हणजे सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, अर्थात अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईची नोंद होते; म्हणजे त्या मातीशी तिचे नाते तलाठ्याच्या दप्तराला प्रथम कळते ते तिच्या वैधव्यात. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून पतीच्या हयातीतच पत्नीच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला, आणि १९९२ साली राज्य शासनानेही त्याच नावाने योजना काढली. जुन्नरच्या मळ्यांतील प्रत्येक खातेदाराने, ज्या हातांवर आपली लेकरे आणि आपली जनावरे निर्धास्तपणे सोपविली आहेत, त्या हातांच्या मालकिणीचे नाव आपल्या नावाशेजारी लावण्याचा अर्ज या वर्षीच्या तोडीपूर्वी तलाठ्याकडे न्यावा, असे मला मनापासून वाटते.