मांजराच्या किडन्या निकामी झाल्याचा रिपोर्ट आला, तर उपचारांचा निर्णय कसा घ्यायचा?

मांजर दोन दिवस जेवलं नाही, सकाळपासून तीन उलट्या झाल्या, म्हणून घरचे त्याला दवाखान्यात नेतात. रक्ततपासणी होते. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते आणि त्यात क्रिएटिनिनसमोर 7.4 असा आकडा असतो. दहा मिनिटांत तो गुगल केला जातो, मांजरप्रेमींच्या ग्रुपवरही टाकला जातो. कुणी लिहितं, 'आत्ताच्या आत्ता अॅडमिट करा.' कुणी लिहितं, 'आमची मनी पंधरा दिवसांत गेली, उगाच हाल करू नका.'

दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे ठरू शकतात. कारण त्या एका आकड्यावरून किडन्या आज बिघडल्या की दोन वर्षांपासून बिघडत होत्या, हे कळत नाही. आणि पुढचा जवळपास प्रत्येक निर्णय त्याच उत्तरावर अवलंबून असतो.

अचानक की हळूहळू?

किडन्या अचानक बंद पडण्यामागे बहुतेक वेळा एखादं ठोस कारण असतं. बोक्यांमध्ये लघवीचा मार्ग तुंबतो. बोका लिटर बॉक्समध्ये वारंवार बसतो, जोर करतो, पण थेंबही येत नाही. अशा बोक्याचं क्रिएटिनिन भयंकर वाढलेलं दिसतं. पण वेळेत नळी घालून मार्ग मोकळा केला, तर काही दिवसांत ते पुन्हा जागेवर येऊ शकतं. घरच्यांना हे 'बद्धकोष्ठ' वाटतं आणि त्यात एक रात्र जाते. तेवढा उशीरही जिवावर बेतू शकतो.

दुसरं कारण विषबाधा. पुष्पगुच्छात येणाऱ्या खऱ्या लिलीचं पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीही मांजराच्या किडन्या घालवू शकतं. (निशिगंध किंवा पीस लिली या त्या लिली नव्हेत.) माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही तितक्याच घातक. पॅरासिटामॉलही मांजराला मारतं, पण ते मुख्यतः रक्त आणि यकृतावर घाला घालून. या प्रकारांत पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. मांजराने काय खाल्लं असावं हे डॉक्टरांना न लाजता सांगणं, हा उपचाराचाच भाग आहे.

हळूहळू होणारा आजार वेगळा. तो वयस्क मांजरांमध्ये खूप आढळतो. मांजर जास्त पाणी पितं, लिटरमधले गोळे मोठे होतात, पाठीचा कणा हाताला लागू लागतो. पण हे सगळं 'वय झालं' या खात्यात जमा होतं. किडन्यांची साधारण 75 टक्के क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन ठळकपणे वाढत नाही. म्हणून रिपोर्ट धक्कादायक वाटला, तरी आजार जुना असू शकतो. सोनोग्राफीत लहान, ओबडधोबड किडन्या दिसल्या, सोबत अॅनिमिया आणि घटलेलं वजन असलं, की डॉक्टरांचा कल जुन्या आजाराकडे झुकतो. या किडन्या पूर्ववत होत नाहीत. उरलेली क्षमता सांभाळणं एवढंच हातात असतं.

तिसरी शक्यताही असते. जुनाच आजार, पण शरीरातलं पाणी कमी झाल्याने किंवा जंतुसंसर्गाने अचानक चिघळलेला. इथे 7.4 चं तीन दिवसांनी 3.5 होऊ शकतं.

चौथा टप्पा म्हणजे शेवट का?

जगभरातले पशुवैद्य 'आयरिस' या संस्थेची वर्गवारी वापरतात. मांजराचं क्रिएटिनिन 1.6 ते 2.8 असेल तर दुसरा टप्पा, 2.9 ते 5 तिसरा आणि 5 च्या वर चौथा. पण ही वर्गवारी शरीरातलं पाणी भरून निघाल्यावर, प्रकृती स्थिर असताना करायची असते. उलट्यांनी सुकलेल्या मांजराच्या पहिल्या रिपोर्टवरून 'चौथा टप्पा' म्हणणं घाईचं आहे.

टप्पा पक्का झाला की अंदाज बांधता येतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात निदान झालेली निम्मी मांजरं तीन वर्षांहून जास्त जगली. तिसऱ्या टप्प्यात हा काळ दोन वर्षांच्या आसपास होता, चौथ्यात जेमतेम तीन-साडेतीन महिने. मात्र त्याच चौथ्या टप्प्यात एखादं मांजर एका दिवसात गेलं, तर एखादं पाच वर्षं जगलं.

म्हणून अनेक डॉक्टर आधी 48 ते 72 तासांची मुदत सुचवतात. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध, लघवी आणि रक्तदाबाची तपासणी आणि मग पुन्हा रक्त. ही मुदत सुरू होण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. रोजचा खर्च किती, आणि तीन दिवसांनी काय दिसलं तर पुढे जायचं, काय दिसलं तर थांबायचं. हे आधी ठरलं नसेल तर तीन दिवसांचे दहा दिवस होतात. मांजर पिंजऱ्यात राहतं, बिल वाढतं आणि निर्णय कुणीच घेत नाही.

खर्चाबद्दल बोलायला लोक कचरतात. कचरू नये. खासगी दवाखाना झेपत नसेल, तर मुंबईतलं परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांमध्येही प्राण्यांवर उपचार होतात.

खरा उपचार घरी असतो

दवाखान्यातून सुटका झाली की मोठा भाग सुरू होतो आणि त्यात सगळ्यात जास्त फरक अन्नाने पडतो. कमी फॉस्फरस, मर्यादित पण चांगल्या दर्जाचं प्रोटीन असलेलं 'रीनल' खाद्य मिळतं. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात हे खाद्य खाणाऱ्या मांजरांचा निदानानंतरचा मध्यक जगण्याचा काळ 633 दिवस होता, न खाणाऱ्यांचा 264. त्यातली तुलना ज्यांनी ते खाद्य नाकारलं अशा मांजरांशीही होती, त्यामुळे सगळं श्रेय अन्नाला देता येत नाही. पण 2006 मध्ये आलेल्या, चिठ्ठी टाकावी तसे गट पाडून केलेल्या दोन वर्षांच्या प्रयोगातही कल तोच दिसला. त्यात रीनल खाद्यावरचं एकही मांजर किडनीच्या आजाराने दगावलं नाही.

अडचण एवढीच, की आयुष्यभर दूध-पोळी, सुकट आणि उकडलेलं चिकन खाल्लेलं मांजर हे खाद्य हुंगून निघून जातं. मळमळत असताना ते पुढे केलं तर कायमचं नावडतं होतं. म्हणून आधी मळमळ थांबवायची आणि मग काही आठवडे जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत जायचं. आणि तरीही खाल्लं नाही तर? मग जे खाईल ते. उपाशी मांजराचं यकृत काही दिवसांतच बिघडू लागतं, त्यामुळे चुकीचं अन्न हे उपासापेक्षा बरं. सुक्या मासळीतलं मीठ मात्र टाळलेलं चांगलं.

दुसरी गोष्ट कातडीखालची सलाईन. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायची आणि साधारण 100 मिली द्रव आत सोडायचा. खांद्यावर मऊ फुगा येतो आणि काही तासांत जिरतो. हे घरी शिकता येतं. पण प्रत्येक मांजराला याची गरज नसते आणि हृदयाचा आजार असेल तर हेच धोक्याचं ठरतं. जोडीला गरजेप्रमाणे रक्तदाबाची गोळी, फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध, पोटॅशियम. वाढलेल्या रक्तदाबाने मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, तरी ही तपासणी हमखास राहून जाते.

आता प्रश्न असा, की हे रोज करणार कोण? घरात एकच माणूस सकाळी आठची लोकल पकडणारा असेल आणि मांजर सुई पाहताच कपाटाखाली दोन तास दडत असेल, तर कागदावरचा उत्तम उपचार त्या घरात उपचार राहत नाही. औषधं पाचवरून दोनवर आणता येतील का, सलाईन आठवड्यातून दोनदा चालेल का, हे डॉक्टरांना विचारणं म्हणजे हार मानणं नव्हे.

डायलिसिसचा उपयोग मुख्यतः अचानक बिघडलेल्या किडन्यांना वेळ मिळवून देण्यासाठी होतो. किडनी प्रत्यारोपण अमेरिकेतल्या मोजक्या केंद्रांत झालेलं आहे, इथल्या बहुतेक घरांसाठी तो पर्याय नाहीच.

थांबायचं कधी?

मांजर दुखणं लपवतं. गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे असंही नाही, त्रासातली मांजरंही गुरगुरतात. अमेरिकन पशुवैद्य अॅलिस विलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. आपणहून जेवलं, अंग चाटलं, नेहमीच्या खिडकीत जाऊन बसलं, तर त्या दिवसावर टिक. नाहीतर फुली.

फुल्या वाढत गेल्या की दयामरणाचा विषय निघतो आणि घरात दोन तट पडतात. 'त्याला त्याच्या मरणाने जाऊ द्या,' असं आजी म्हणतात, त्यात माया असते. पण किडन्यांच्या शेवटच्या टप्प्यातलं मरण झोपेत येईलच असं नसतं. तोंडात फोड, सतत मळमळ, कधी झटके, असे ते दिवस असतात. दयामरणात पशुवैद्य भुलीचं औषध जास्त मात्रेत देतात. मांजर आधी बेशुद्ध होतं, मग हृदय थांबतं. काही डॉक्टर घरी येऊनही हे करतात.

त्या दिवशी कोण सोबत थांबणार, मुलांना काय सांगायचं आणि नंतर मांजराला कुठे न्यायचं, हे आधी बोलून ठेवलेलं बरं. सोसायटीच्या आवारात पुरायला जागा आणि परवानगी दोन्ही मिळणं कठीण असतं. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे. इतर शहरांत काय सोय आहे, याची चौकशी पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात करता येते. घरात दुसरं मांजर असेल, तर नेण्याआधी त्यालाही एकदा जवळ येऊन हुंगू द्यावं.