पत्राकाम : धातू, हत्यारे आणि हात

आपल्या नियतकालिकांतून धर्म, साहित्य आणि राजकारण यांवर पुष्कळ लिहिले जाते. कारागिरीवर मात्र क्वचितच. याचे कारण उघड आहे. ज्या समाजावर गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली, त्या समाजातल्या शिकलेल्या पिढीला हाताच्या कामाबद्दल ओढ वाटू नये, यात नवल नाही. हाताचे काम म्हटले की तिला वेठ आठवते, बलुते आठवते, फेकलेली भाकरी आठवते. परंतु वेठ वेगळी आणि कसब वेगळे. वेठीत माणसाला काय करावे हे दुसरा सांगतो आणि त्याचे मोलही दुसराच ठरवतो. कसबात काम कसे करावे हे करणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून मोल ठरवताना त्याला बोलता येते. हा फरक नीट ध्यानात घेऊन नांदेड-लातूरकडच्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एका साध्या दिसणाऱ्या धंद्याकडे पाहावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. तो धंदा म्हणजे पत्राकाम.

धातू आणि जात यांचा आपल्याकडे जुना संबंध आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. म्हणजे कोणाच्या हाती कोणता धातू आणि कसले भांडे असावे, हेसुद्धा व्यवस्थेने ठरवून टाकले होते. धातू घडवण्याचे कामही असेच वाटून दिलेले होते. तांबे तांबटाचे, पितळ कासाराचे, लोखंड लोहाराचे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रबंधात नेमके यावर बोट ठेवले : जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे.

पत्र्याची गोष्ट इथेच निराळी होते. लोहार भट्टीत लोखंड तापवून ठोकतो. पण आज आपण ज्याला पत्रा म्हणतो तो गिरणीत, पोलादी रुळांमध्ये दाबून तयार होतो. पन्हाळी पत्र्याचे पेटंट इंग्लंडात १८२९ साली घेतले गेले, आणि लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचे फ्रान्समध्ये १८३७ साली. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा भारतात बनू लागला तो जमशेदपूरला १९२० नंतर. ज्या वस्तूचा जन्मच कारखान्यात झाला, तिच्यावर कोणत्याही स्मृतीने कोणत्याही जातीची मोहोर उमटवलेली नाही. या धंद्याला लागते ती मोजपट्टी, भूमिती आणि सराव. तिन्ही शिकता येतात.

साहित्य

पत्रा म्हणजे साधारण पाच मिलिमीटरपेक्षा पातळ केलेला धातू. त्याहून जाड असेल तर त्याला प्लेट म्हणतात. पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात, आणि इथे नवशिका पहिल्यांदा फसतो. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. ब्रिटिश प्रमाणानुसार १६ गेज म्हणजे सुमारे १.६३ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९१, २४ गेज म्हणजे ०.५६ आणि २८ गेज म्हणजे अवघा ०.३८ मिलिमीटर. दुकानदाराने २० गेजचे पैसे घेऊन २२ गेजचा पत्रा दिला, तर नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. वजनाला मात्र कळते. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. या हिशेबाने आठ फूट बाय चार फुटांचा २० गेजचा पत्रा सुमारे २१ किलो भरायला हवा. २२ गेजचा साडेसोळा किलोच भरेल. ज्याला हा गुणाकार येतो, त्याला फसवणे अवघड जाते.

प्रकार मुख्यतः पाच-सहा. काळा पत्रा म्हणजे मुलामा नसलेले पोलाद. स्वस्त, पण रंग दिला नाही तर गंजणारा. जस्ताचा पत्रा छपराला, बादलीला, धान्याच्या कोठीला वापरतात. त्यावर ओरखडा पडला तरी आतले लोखंड लगेच गंजत नाही, कारण हवेशी आणि पाण्याशी जस्त आधी झुंजते, आधी झिजते. कथलाच्या पत्र्याचे उलट आहे. मुलामा अखंड आहे तोवर डबा उत्तम टिकतो. एकदा ओरखडा पडला की तिथले लोखंड अधिकच वेगाने गंजू लागते. स्टेनलेस पोलादात क्रोमियम मिसळलेले असते, त्यामुळे त्यावर गंज न चढू देणारा अतिशय पातळ थर आपोआप धरतो. ॲल्युमिनियम हलके, तांबे मऊ आणि उष्णता वाहणारे, पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिलाफ.

घरातल्या माणसांना सांगण्यासारखी गोष्ट एकच : जस्ताच्या भांड्यात ताक, चिंचेचे पाणी, लोणचे ठेवू नये. आंबट पदार्थात जस्त उतरते आणि ते पोटाला बाधते.

हत्यारे

आखणीसाठी पोलादी पट्टी, काटकोन पाहायला गुण्या, वर्तुळ काढायला दोन टोकांचा डिव्हायडर, रेघ मारायला अणकुचीदार स्क्राइबर आणि खूण पक्की करायला पंच. कापायला कात्री : सरळ रेघेसाठी सरळ पात्यांची, गोलाईसाठी वाकड्या पात्यांची. जाड पत्र्याला छिन्नी. कडांचे काटे काढायला कानस. धरायला पकड आणि शेगडा.

ठोकण्याच्या हत्यारांत मात्र विचार आहे. पत्रा वाकवायचा असेल तेव्हा लाकडी हातोडा, म्हणजे मॅलेट, वापरतात. लोखंडी हातोड्याने ठोकले की दोन लोखंडांमध्ये सापडलेला पत्रा त्या जागी ताणला जातो, पसरतो आणि सपाट पत्र्याला पोक येतो. लाकूड पत्र्याला वळवते, ताणत नाही. भांड्याला खोलगटपणा द्यायचा असेल तेव्हा हेच ताणणे मुद्दाम करायचे असते. म्हणून तिथे गोल तोंडाचा हातोडा लागतो. खाली टेकू म्हणून निरनिराळ्या तोंडांच्या लोखंडी खुंट्या असतात, त्यांना कारखान्यात स्टेक म्हणतात. सरळ घडीसाठी धारदार कडेची, नळीसाठी लांबट गोल, शंकूसाठी निमुळती. पत्र्याला जो आकार हवा, तोच आकार आधी खाली टेकूला हवा.

क्रिया

पत्राकामाचा पाया म्हणजे उलगडा. कोणतीही पोकळ वस्तू ही मुळात एक सपाट तुकडा असते. तो तुकडा कसा दिसेल हे आधी मनात आणि मग कागदावर मांडता आले, की निम्मे काम झाले.

एक साधे उभे भांडे घेऊ. व्यास २० सेंटिमीटर, उंची २५. अंगाचा पत्रा उलगडला की आयत होतो. त्याची लांबी म्हणजे वर्तुळाचा परीघ : २० गुणिले ३.१४, म्हणजे ६२.८ सेंटिमीटर. पण एवढाच पत्रा कापला तर जोड कशाने घालणार? दोन्ही कडा एकमेकींत अडकवून घडीचा जोड करायचा, तर घडीच्या रुंदीच्या तिप्पट पत्रा जास्त धरावा लागतो. घडी ६ मिलिमीटरची असेल तर १८ मिलिमीटर. म्हणजे लांबी ६४.६ सेंटिमीटर. वरच्या कडेत तार गुंडाळायची, म्हणजे कड हाताला कापत नाही आणि भांडे चेपत नाही. त्यासाठी तारेच्या व्यासाच्या अडीचपट पत्रा सोडतात. ३ मिलिमीटरच्या तारेला साडेसात मिलिमीटर. खाली बूड जोडायला ५ मिलिमीटरची कड बाहेर वळवायची. म्हणून उंची २५ ऐवजी सव्वासव्वीस सेंटिमीटर घ्यायची. बुडाची चकती २० सेंटिमीटरची नव्हे, सुमारे २२ ची कापायची, कारण तिची कड अंगाच्या कडेखालून येऊन वर दुमडली जाते. जिथे दोन घड्या एकमेकींना भेटतात, तिथले कोपरे वाकवण्याआधीच छाटायचे; नाहीतर चार-पाच पदर एकावर एक येतात आणि जोड बसत नाही.

नरसाळ्याचा वरचा भाग शंकूचा. तोंडाचा व्यास १५ आणि तिरकी उंची २० सेंटिमीटर असेल, तर २० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळातली ३६० गुणिले साडेसात भागिले २०, म्हणजे १३५ अंशांची फाक कापावी लागते. नळीसाठी टोक छाटायचे, जोडासाठी कड सोडायची. नववी-दहावीच्या पुस्तकातली भूमिती एवढीच. आमच्या शिक्षक मित्रांना सुचवावेसे वाटते की, हा उलगडा पुठ्ठ्यावर करून घ्यावा. ‘परीघ’ हा शब्द ज्या मुलाला डोईजड वाटतो, त्याला नरसाळे करताना तो सहज उमगतो.

जोडाचे तीन मार्ग : घडी, रिव्हेट आणि डाख. रिव्हेटचे भोक कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दीड ते दोनपट आत हवे, आणि दोन भोकांत निदान तिपटीचे अंतर हवे. नाहीतर पत्रा भोकापासून फाटतो. डाख म्हणजे कथील आणि शिसे यांचे मिश्रण. कथील सुमारे ६२ टक्के असेल तर ते १८३ अंश सेल्सियसलाच वितळते, म्हणून तांब्याच्या तोंडाच्या तापलेल्या दांडीने ते लावता येते. मात्र डाख घाणीवर बसत नाही. आधी कानस किंवा घासकागद, मग धातूवरचा मैल काढणारे रसायन : जस्त विरघळवलेले मिठाचे आम्ल. दांडीचे तोंड साफ करायला नवसागर. काम झाल्यावर जोड पाण्याने धुवायचाच, नाहीतर उरलेले आम्ल पत्रा खाते. आणि शिसे हे विष आहे. खाण्यापिण्याच्या भांड्याला शिशाची डाख लावू नये. लावायची झाली तर शिसेविरहित लावावी.

कामगाराच्या जिवाचे म्हणायचे तर, कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते, तेव्हा हातमोजे हवेत. जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग केल्यास जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. हे काम बंद खोलीत करायला लावणाऱ्या मालकाला हे माहीत नाही असे समजू नये. आपल्या पोरांना मात्र ते माहीत असले पाहिजे.

डोक्यावरचा पत्रा

मराठवाड्यात पत्र्याचा विचार छपरापाशी आल्याशिवाय पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मारले ते मुख्यतः दगडमातीच्या भिंतींनी आणि वरच्या माळवदाने. हिशेब करून पाहा. माळवदावरची माती एक फूट जाडीची धरली तरी दर चौरस मीटरला पावणेपाचशे ते पाचशे किलो भार होतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीचे पत्र्याचे छप्पर तेवढ्याच जागेवर चार-पाच किलो भरते. जमीन हलली की भार जितका जास्त, तितका भिंतीला बसणारा झटका जास्त. माळवद हे गावात प्रतिष्ठेचे लक्षण होते आणि पत्रा गरिबीचे. धरणीने ती प्रतिष्ठा मानली नाही.

पण पत्रा घातला की काम संपले असे नव्हे. पन्हाळी पत्र्याला जी ताकद येते ती त्या लाटांमुळे. सपाट पातळ पत्रा हाताने वाकतो, लाटा पाडलेला वाकत नाही. खिळा किंवा हूक लाटेच्या माथ्यावर मारावा, खोबणीत नव्हे, कारण पाणी खोबणीतून वाहते. खाली वॉशर हवा. वैशाखाच्या वावटळीत पत्रे उडतात म्हणून आपल्या वस्त्यांत वर दगड ठेवतात. तो दगडच पुढे घरातल्या माणसाच्या डोक्यात येतो. दगडाऐवजी वाशाला हुकाने बांधलेला पत्रा हा खर्च थोडा आणि फरक मोठा. उन्हाळ्यात पत्रा तापतो. वरून चुन्याचा पांढरा हात आणि खाली थोडी पोकळी सोडून तट्ट्याचे छत, एवढ्याने घर राहण्याजोगे होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १९७८ च्या जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. कुडाचे, गवताचे घर एका काडीने पेटते. पत्रा पेटत नाही. पण पत्र्याखालचे वासे पेटतात, धान्य पेटते, माणूस पेटतो. तेव्हा छप्पर बदलल्याने समाज बदलतो, असा भाबडा निष्कर्ष या लेखातून कोणी काढू नये. कसब हे संघटनेला आणि कायद्याला पर्याय नाही. ते माणसाला गावाच्या मर्जीवाचून पोट भरता येण्याचे साधन आहे, आणि ज्याचे पोट गावाच्या मर्जीवर नाही त्याच्यावर बहिष्काराचे हत्यार बोथट होते.

कुठे शिकावे, काय मागावे

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षण त्यांच्या खात्याकडे होते, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत फारशी सांगत नाही. पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. पत्राकाम हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतला एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नांदेडला आणि लातूरला शासकीय संस्था आहेत, त्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. त्या जागा दरवर्षी कोणत्या विषयांत भरल्या जातात, कोणत्या रिकाम्या राहतात, ज्या विषयाला जागा आहे त्याला शिक्षक आणि पत्रा आहे का, हे कार्यकर्त्यांनी संस्थेत जाऊन विचारावे.

कामाची वाणही नाही. लातूरच्या डाळ गिरण्यांतली धान्य ओतण्याची तोंडे, घसरणी, भुसा ओढणाऱ्या नळ्या हे सारे पत्राकाम आहे. साखर कारखान्यांतही तेच. लातूरजवळच्या रेल्वे डबा कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. रेल्वेचा डबा म्हणजे तरी दुसरे काय, मोठ्या मापाचे, स्टेनलेसचे पत्राकामच. प्रश्न एवढाच की, त्या फाटकातून आपली मुले कंत्राटदाराचे हमाल म्हणून आत जाणार, की नकाशा वाचता येणारे कारागीर म्हणून. नकाशा वाचणाऱ्याला पगाराची बोलणी करता येतात, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटात आपले नाव कोणत्या वर्गात लिहिले आहे हे तपासता येते. मुलींनाही यातून वगळू नये. मॅलेटला मनगटाच्या जोरापेक्षा मापाची शिस्त अधिक लागते.

शहरातल्या आपल्या वसतिगृहांनी सुट्टीच्या दिवशी दोन तास यासाठी द्यावेत. एक पट्टी, एक गुण्या, एक कात्री, एक मॅलेट आणि रॉकेलचा एखादा रिकामा, नीट धुतलेला डबा एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या महिन्यात पुठ्ठा, दुसऱ्यात पत्रा. आणि तयार झालेल्या पहिल्या मापाच्या भांड्यात पाणी भरून ते गळते का हे सर्वांसमोर पाहावे. गळले तर कुठली घडी चुकली हे मुलांनीच शोधून काढावे.