विखुरलेली पांथशाळा

इटालियन भाषेतील ‘आल्बेर्गो’ हा शब्द मूळचा जर्मानिक असून ‘सैन्याचा निवारा’ हा त्याचा आद्य अर्थ होय. पुढे तो पांथशाळेचा वाचक झाला. त्यास ‘दिफ्फूसो’, म्हणजे विखुरलेला, हे विशेषण लागून बनलेली संज्ञा एका निराळ्या व्यवस्थेची निदर्शक आहे.

१९७६ च्या भूकंपाने ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रदेश उद्ध्वस्त झाला. पुन्हा उभारलेल्या, परंतु ओस राहिलेल्या घरांचे काय करावे, या प्रश्नातून ही कल्पना उदयास आली. जानकार्लो दाल्लारा यांनी तिला सुस्पष्ट रूप दिले, तर १९९८ मध्ये सार्डिनियाने तिला कायद्याची मान्यता दिली.

या व्यवस्थेत प्रवाशांच्या खोल्या गावातील निरनिराळ्या जुन्या घरांत असतात; स्वागतकक्ष व भोजनगृह मात्र सामाईक असते. नवे बांधकाम टळते. दगड, चुना, लाकूड व इंधन यांची बचत होते. आब्रुत्सो प्रदेशातील सांतो स्तेफानो दि सेस्सानियो या डोंगरी गावी अशीच पांथशाळा असून तेथील बारीक मसूर प्रसिद्ध आहे.

तथापि गावात नांदती वस्ती असणे, ही दाल्लारा यांच्या व्याख्येतील आवश्यक अट आहे. ती गौण मानता येत नाही. शेत कसणाराच गाव सोडून गेला, तर भिंती वाचतील. पण ताटातील मसूर दुरून आणावा लागेल, आणि पर्यावरणरक्षणाचा दावाही तितकाच लटका पडेल.