लिहायचं, पण कोण काय म्हणेल?

गटाच्या बैठकीत आपण मन मोकळं करतो, पण तेच वहीत लिही म्हटलं की हात थांबतो. घरच्यांनी वाचलं तर?

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता लिहायच्या. घरच्यांना कळू नये म्हणून त्यांनी ते लिखाण वीसेक वर्षं लपवून ठेवलं. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं. जातीचे चटके त्यांनी मांडलेच, पण आपल्याच वस्तीतला सुनांचा छळही झाकला नाही.

म्हणजे लिहिणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं. लिहिताना खरं लिहा, दाखवायची घाई नको. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. दुसरीचं दुःख तिला विचारल्याशिवाय नावानिशी लिहू नका. आधी भरवशाच्या एकीलाच वाचून दाखवा.

पुढे कुणी म्हणालं, "हे असं घडलं नव्हतं," तर तपासा, चुकलं असेल तर दुरुस्त करा. पण "बाईनं असलं लिहू नये" म्हणालं, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ती ओळ खोडू नका.