चौथ्या चरणानंतरची जागा

ज्ञानदेवांच्या हरिपाठातला पहिला अभंग बहुतेक वाचकांना पाठ असेल, म्हणून तो येथे उतरून देत नाही. वाचकांनी तो मनाशी म्हणावा आणि अक्षरे बोटांवर मोजावीत.

कडवी चार. प्रत्येक कडव्यात चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते, चौथा मोकळा. हा मोठा अभंग. छंदःशास्त्रातले त्याचे ‘देवद्वार’ हे नाव याच रचनेवरून पडले. येथे लघु-गुरू पाहायचे नसतात. सगळी अक्षरे सारखीच लांबवायची.

दुसरे कडवे हे ध्रुपद. त्याचे पहिले दोन चरण अक्षरशः एकच आहेत. तिसऱ्याशी त्यांचे यमक काटेकोर नाही. एकीकडे ‘ण’, दुसरीकडे ‘न’. कान मात्र अडत नाही. चौथा चरण प्रश्न विचारून थांबतो. उत्तर येत नाही. टाळकरी पुन्हा पहिल्या चरणावर येतात. ही पुनरुक्ती हेच त्या प्रश्नाचे उत्तर, असे मला वाटते.

आता माझ्या चुकीविषयी. छंदःशास्त्र मी पुस्तकांवरून, एकट्याने शिकलो. पंचविशीत हा अभंग मोजला, तेव्हा तिसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या चरणात सात अक्षरे भरली आणि शेवटच्या कडव्याच्या चौथ्या चरणात पाच. पोथीत दोन्हीकडे लाल पेन्सिलीने ‘पाठ अशुद्ध’ असे लिहून मोकळा झालो. पोथी आईची होती. तिला वाचता येत नव्हते; अभंग तोंडपाठ होता. ती म्हणाली, “मोजतोस कशाला? म्हणून बघ की.”

तिच्यामागून म्हणत गेलो. सात अक्षरांच्या चरणात एका शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आणि पुढच्या शब्दाचा ‘उ’ शेजारी येतात. म्हणताना दोहोंचे एकच अक्षर होते आणि सहा भरतात. चौथ्या चरणात चार अक्षरांनंतर दोन अक्षरांएवढा काळ मोकळा असतो. पाचवे अक्षर त्यातली अर्धी जागा घेते. ठेका चुकत नाही. उरलेल्या अर्ध्यात आई श्वास घेत असे.

आज आई नाही. पोथीतल्या लाल खुणा मी खोडलेल्या नाहीत. जुन्या रचनेत अक्षर कमी-जास्त दिसले, की आधी ती मोठ्याने म्हणून पाहतो, पेन्सिल नंतर.