मालमोटारीचा ‘सेल्फ’

भुसावळचें नांव घेतलें कीं आगगाडीच डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु रावेर, यावल, सावदा या टापूंतील केळीं आतां मोठ्या प्रमाणावर मालमोटारींतून उत्तरेकडे जातात. घड हिरवा असतां कापतात. पण एकदां कापला म्हणजे त्याचे दिवस मोजके. वैशाखाच्या खानदेशी उन्हांत गाडी भरून तयार आहे, चालकानें किल्ली फिरवावी आणि इंजिनानें हूं कीं चूं करूं नये, हा प्रसंग बागाईतदाराच्या काळजाचा ठोका चुकविणारा असतो.

रूडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनांत पेट्रोल-इंजिनासारखी ठिणगी नसते. दट्ट्या हवा सुमारें सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबानें ती पांचशे अंशांवर तापते आणि तींत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. हें घडावयास इंजिन प्रथम कोणीतरी जोरानें फिरविलें पाहिजे; मंद फिरविल्यास दाबलेल्या हवेची उष्णता वाटेंतच निसटते. पूर्वीं हें काम लोखंडी हँडल करी. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीस केटरिंग यानें विजेचा स्टार्टर बसविला आणि हातांची ही शिक्षा संपूं लागली. गॅरेजांतील बोलींत त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात.

मोठ्या मालमोटारींत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट घेतात. किल्ली फिरवितांच स्टार्टरवरील सोलेनॉईड दोन कामें करतो: लहान दांतेरी चाक फ्लायव्हीलच्या कड्यांत ढकलतो आणि मग मोटारीस प्रवाह जोडतो. हा प्रवाह शेंकडों अँपिअर असतो. म्हणूनच सांध्यावरील थोडीशी घाणहि मोठा घात करते.

येथेंच घाई नडते. गाडी अडली कीं नवा स्टार्टर आणावयास माणूस धांवतो, आणि तो बसविल्यावरहि गाडी तशीच! आधीं ऐकावें. जलद ‘टक्‌टक्‌’ ऐकूं आल्यास बहुधा बॅटरी दुबळी असते. एकच जड ‘टक्’ होऊन सारें स्तब्ध झाल्यास सांधे, सोलेनॉईडचे संपर्क किंवा मोटार यांवर संशय घ्यावा. मोटार घरघरते पण इंजिन फिरत नाहीं, तर दांतेरी चाक निसटत आहे. खानदेशांतील उन्हाळ्यांत बॅटरींतील पाणी झपाट्यानें आटतें, तेंहि पाहावें. नंतर किल्ली फिरवीत असतां मीटर लावावा. बॅटरीवर बावीस व्होल्ट आणि स्टार्टरवर सतराच मिळाल्यास मधले पांच वाटेंत गडप झाले. दोष तारेंत, टोकांवरील पांढऱ्या-हिरव्या बुरशींत किंवा इंजिन व सांगाडा जोडणाऱ्या अर्थच्या पट्टींत. मोटारीच्या टोकावर पुरता दाब पोंचूनहि ती हलत नसेल आणि इंजिन हातानें फिरत असेल, तरच स्टार्टर दोषी.

स्क्रूड्रायव्हरनें सोलेनॉईडचीं टोकें जोडून पाहण्याची खोड पुष्कळांस असते. गाडी गिअरमध्यें असली तर ती तत्क्षणीं चालूं लागते, आणि जोडणारा चाकापुढेंच असतो!

स्टार्टर बदलतांना गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी, चाकांना उटी द्यावी आणि बॅटरीची अर्थची तार प्रथम सोडावी. नाहींतर पाना सांगाड्यास टेकून हात भाजतो. हें धूड जड असतें, म्हणून शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वीं त्यास खालून आधार द्यावा. जुना व नवा शेजारीं ठेवून व्होल्ट, दांत, फिरण्याची दिशा आणि भोंकें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. मोकळ्या भोंकांतून कड्याचे दांत, इंजिन हातानें पुरतें फिरवून, तपासावेत. इंजिन बहुधा ठराविक जागींच थांबतें, त्यामुळें दांतहि तेथेंच झिजतात. असें कडें नव्या स्टार्टरचेंहि दांत खातें. बैठकीवरील रंग व गंज खरवडावा, कारण पुष्कळ गाड्यांत परतीचा प्रवाह तिच्यांतूनच जातो. अर्थची तार सर्वांत शेवटीं जोडावी.

मग किल्ली फार तर दहा-पंधरा सेकंद धरावी. इंजिन न पेटल्यास मिनिटभर थांबावें. तेवढ्यांत तापलेली मोटार निवते आणि बॅटरीसहि दम मिळतो. काढलेला स्टार्टर मात्र लगेच भंगारांत घालूं नये. पुष्कळदां त्याचे कार्बनचे ब्रश तेवढे झिजलेले असतात.