मुंबई-दुबई : तिकिटावरचे घड्याळ आणि खरा प्रवास

दुबईशी माल देण्याघेण्याचा संबंध असलेले आमचे व्यापारी व कारागीर बांधव पुष्कळ आहेत. नमुने घेऊन स्वतः जाणाऱ्यांना तिकिटावरच्या वेळा नीट वाचता आल्या पाहिजेत. नाहीतर भेटीची वेळ चुकते आणि ऑर्डर दुसऱ्याच्या हाती जाते.

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. जेट विमान ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. या हिशेबाने सव्वादोन तास पुरावेत. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वेग कमी करून उतरणे यात वेळ जातो. म्हणून प्रत्यक्षात तीन ते सव्वातीन तास लागतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे जाताना वेळ अधिक लागतो, तर येताना वाचतो.

आता घड्याळाचा मुद्दा. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे आणि तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापतात. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० ला निघाले व दुबईस ११.४५ ला पोहोचले. वाचणाऱ्याला प्रवास पावणेदोन तासांचा वाटतो. त्यात दीड तास मिळवा, म्हणजे खरे सव्वातीन तास येतात. परतीला उलट करावे. रात्री १० ला निघालेले विमान मुंबईत पहाटे २.३० ला उतरते. दिसतात साडेचार तास, असतात तीन. शिवाय तारीख बदललेली असते! पुढच्या रेल्वेचे आरक्षण करताना आम्ही स्वतः ही तारीख एकदा चुकलो आणि तिकिटाचे पैसे गेले.

प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. भिवंडीच्या कारागिराने विमानतळ गाठण्यास दोन तास, तेथे तीन तास आधी हजेरी, सव्वातीन तास उड्डाण, मग पासपोर्ट तपासणी, सामान आणि देरा बाजारापर्यंत सव्वा तास धरावा. एकूण साडेनऊ तास झाले. म्हणजे दहाच्या विमानासाठी पहाटे पाचला घर सोडणारा माणूस दुबईच्या घड्याळाने दुपारी एकला बाजारात पोहोचतो. त्याने बाराची भेट ठरवली असेल तर शब्द मोडला.

वारही पाहावा. २०२२ पासून तेथील सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुटी असून शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. शेजारच्या शारजात मात्र शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवस सरकारी सुटी आहे. कचेरीचे काम असल्यास शुक्रवारी दुपारी उतरून उपयोग नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच : जाताना दीड तास मिळवा, येताना दीड तास वजा करा आणि भेटीची वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाची, हे समोरच्याला स्पष्ट विचारा. व्यापारात दिलेली वेळ पाळणे हेही भांडवलच आहे.